२५० ओहमच्या हेडफोनला अ‍ॅम्प घेण्याआधी व्होल्ट मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो, २५० ओहमवालं मॉडेल घेतलंय, लॅपटॉपला थेट लावलंय, व्हॉल्यूम ९०-९५ टक्क्यांवर न्यावा लागतो, नवीन गाणी बरी वाजतात पण शास्त्रीय रेकॉर्डिंग आणि सिनेमातले डायलॉग बारीक येतात, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो की अ‍ॅम्पशिवाय हा हेडफोन उघडतच नाही, म्हणजे पूर्ण खुलून वाजत नाही. म्हणून २ वॉटचा एक अ‍ॅम्प बघून ठेवलाय, तो पुरेल का की ट्यूबवाला, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा, घ्यावा, असं विचारलंय.

मी बरीच वर्षं हेडफोन अ‍ॅम्प जोडतो, दुरुस्त करतो, मोजून बघतो, आणि हाच प्रश्न घेऊन येणारे लोक माझ्याकडे सारखे येतात. खरं सांगायचं तर यातल्या निम्म्या लोकांची अडचण अ‍ॅम्पची नसतेच. तुमची आहे की नाही हे अर्ध्या तासात घरच्या घरी कळू शकतं, त्यामुळे कुठला अ‍ॅम्प यावर नंतर येऊ, आधी तुम्हाला नक्की काय कमी पडतंय ते बघू.

सगळ्यात मोठा घोळ त्या "ओहम" शब्दाने होतो. २५० ओहम म्हणजे हेडफोन जड, ३२ ओहम म्हणजे हलका, असं धरून चालतात सगळे. हा आकडा म्हणजे इम्पिडन्स, हेडफोनचा विजेला होणारा विरोध, आणि तो फक्त एवढंच सांगतो की हेडफोनला ताकद कुठल्या रूपात हवी आहे. जास्त ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज जास्त लागतं आणि करंट अगदी थोडा, कमी ओहमवाल्याचं उलटं. किती ताकद लागणार हे ठरतं सेन्सिटिव्हिटीवर, म्हणजे १ मिलिवॉट दिला की किती डेसिबल आवाज निघतो त्यावर. तुमच्या डीटी ९९० ला कंपनी ९६ डेसिबल सांगते. आता हायफायमॅनचा एचई-६ बघा, त्याचा इम्पिडन्स फक्त ५० ओहम पण सेन्सिटिव्हिटी ८३.५ डेसिबल. तुमच्या हेडफोनला ११० डेसिबलपर्यंत न्यायला साधारण २५ मिलिवॉट लागतात, त्या एचई-६ ला तितक्याच आवाजाला साडेचारशे मिलिवॉटच्या आसपास. ओहम एक पंचमांश आणि भूक अठरापट, म्हणून नुसता ओहमचा आकडा बघून अ‍ॅम्प निवडायला मी कुणालाच सांगत नाही.

जास्त ओहमचे हेडफोन बनवतातच का, हाही प्रश्न पडला असेल. जुन्या स्टुडिओत एकाच अ‍ॅम्पवर चार-सहा हेडफोन समांतर जोडून चालवायचे, तिथे जास्त इम्पिडन्स असला की अ‍ॅम्पवर भार कमी पडायचा. शिवाय व्हॉइस कॉइलला, म्हणजे पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीला, बारीक तार, जास्त वेढे, असं करता येतं. म्हणजे त्यात श्रेष्ठ-कनिष्ठ असं काही नाही, ती एक सोय होती आणि काही मॉडेल्सनी ती पुढे चालू ठेवली, बायरडायनॅमिकनेच डीटी ८८० हा ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तिन्ही प्रकारांत विकलाय.

आता तुमचं गणित. घाबरू नका, सोपं आहे, आणि एकदा केलं की कुठलीही जाहिरात तुम्हाला फसवू शकत नाही. २५० ओहममध्ये १ मिलिवॉट घालायला अर्धा व्होल्ट लागतो. म्हणजे अर्ध्या व्होल्टला ९६ डेसिबल. व्होल्टेज दुप्पट केलं की ६ डेसिबल वाढतात, म्हणून १ व्होल्टला १०२, २ व्होल्टला १०८, ४ व्होल्टला ११४. बस्स, एवढंच पाठ ठेवायचं.

मग पाहिजे किती? इथे परिस्थितीवर अवलंबून आहे असं म्हणावं लागतं, पण अंदाज बांधता येतो. आरामात ऐकताना सरासरी पातळी ७५ ते ८० डेसिबल असते बहुतेकांची. आजकालच्या दाबून मास्टर केलेल्या गाण्यांत सरासरी आणि सर्वोच्च टोक यांच्यात फार अंतर नसतं, पण शास्त्रीय मैफलीचं किंवा ऑर्केस्ट्राचं चांगलं रेकॉर्डिंग असेल तर टोकं सरासरीच्या २० डेसिबल वर सहज जातात. म्हणजे ८० अधिक २०, झाले १००. त्यात तुम्ही इक्वलायझरने बास ६ डेसिबल वाढवलात तर क्लिपिंग, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटणं, होऊ नये म्हणून बाकी सगळं ६ डेसिबल खाली आणावं लागतं, ती तूट भरायला अजून ६. थोडी शिल्लक धरा आणि ११० म्हणा. वरच्या हिशोबाने ११० डेसिबलला साधारण अडीच व्होल्ट लागतात, आणि करंट फक्त १० मिलिअँपिअर. एवढीच तुमची गरज आहे! वॉटच्या भाषेत ते २५ मिलिवॉट होतात, तुम्ही बघून ठेवलेल्या २ वॉटचा ऐंशीवा भाग.

तर मग तुमचा लॅपटॉप किती देतो ते मोजू. साधा मल्टिमीटर घ्या, एसी व्होल्टवर लावा. ५० किंवा ६० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा साइन टोन वाजवा, कारण स्वस्त मीटर याच फ्रिक्वेन्सीला नीट दाखवतात, १ किलोहर्ट्झला कित्येकदा चुकीचं दाखवतात. लॅपटॉपमधली सगळी साउंड एन्हान्समेंट बंद करा, व्हॉल्यूम १०० टक्के करा. एक स्प्लिटर केबल लावून एका बाजूला हेडफोन ठेवा आणि दुसऱ्या बाजूला मोकळ्या प्लगच्या टोकावर आणि बुडावर मीटरच्या सुया टेकवा. हेडफोन कानावर ठेवायचा नाही, टेबलावर ठेवायचा, आणि दोन-चार सेकंदांत आकडा बघून टोन बंद करायचा. हेडफोन जोडूनच मोजायला सांगतोय याला कारण आहे. काही मशीन जोडलेला भार ओळखून व्होल्टेज बदलतात, अ‍ॅपलच्या २०२१ च्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोपासून हे आलंय, १५० ओहमच्या खाली १.२५ व्होल्ट आणि १५० ओहमच्या वर ३ व्होल्ट देतात ते. तुमचा लॅपटॉप तसल्यातला निघाला तर आवाजासाठी अ‍ॅम्प घ्यायची गरजच नाही, तिथेच विषय संपला.

आकडा १ व्होल्टच्या खाली आला, जे बऱ्याच लॅपटॉपांत येतं, तर तुमची तक्रार खरी आहे आणि अ‍ॅम्पने ती शंभर टक्के सुटेल. १ ते २ च्या मध्ये आला तर तुम्ही काय ऐकता त्यावर आहे, फक्त नवीन गाणी ऐकणाऱ्याला पुरतं, तुमच्यासारख्या शास्त्रीय ऐकणाऱ्याला अधूनमधून कमी पडणार. २ च्या वर असेल आणि तरी बारीक वाटत असेल तर आधी तुमच्या गाण्याच्या अ‍ॅपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन बघा. सगळी गाणी एका पातळीला आणायला ते मोठी गाणी चांगलीच खाली ओढतं, लोकांच्या लक्षातच येत नाही आणि मग दोष हेडफोनला किंवा नसलेल्या अ‍ॅम्पला देतात.

एक गोष्ट इथेच बोलतो कारण पुढे निराशा नको. तुम्ही लिहिलंय की आवाज "पातळ आणि टोचणारा" वाटतो. डीटी ९९० चा ट्रेबल ८-९ किलोहर्ट्झच्या आसपास चढा आहे, तो ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) आणि आतल्या पोकळीच्या रचनेचा भाग आहे, कुठलाही स्वच्छ अ‍ॅम्प तो कमी करणार नाही. उलट आवाज मोठा झाला की जास्त टोचेल. त्याच्यावर उपाय इक्वलायझर, त्या पट्ट्यात ४-५ डेसिबल खाली घ्या आणि आठवडाभर ऐका. हेडफोन सेकंडहँड असेल तर इअरपॅडही तपासा, दबलेल्या पॅडमुळे ड्रायव्हर आणि कान यांच्यातलं अंतर बदलतं आणि त्याने आवाजात जेवढा फरक पडतो तेवढा दोन चांगल्या अ‍ॅम्पमध्ये मी कधीच मोजलेला नाही.

"उघडतो" या शब्दाबद्दल मला मनापासून सांगायचंय. अ‍ॅम्प लावला की हेडफोन उघडला असं वाटतं ते खोटं नसतं, माणूस खरंच ते ऐकतो, पण बहुतेक वेळा ते आवाज १-२ डेसिबल मोठा झाल्यामुळे असतं. आपला कान हळू आवाजात बास आणि अगदी वरचा ट्रेबल कमी ऐकतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. आवाज वाढला की दोन्ही टोकं भरून येतात आणि संगीत रुंद, भरदार वाटतं. माझ्या बेंचवर एका मित्राचा सेनहायझर एचडी ६०० आणि दोन अ‍ॅम्प होते, एक साधा आणि एक त्याच्या कित्येक पटींनी महाग, आम्हाला दोघांनाही महागडा स्पष्टपणे चांगला वाटत होता. मग मीटर लावून दोघांची पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवली, मध्ये स्विच टाकला, आणि न बघता ऐकल्यावर कुठला कुठला हे दोघांनाही सांगता येईना. त्या दिवसापासून मी पातळी न जुळवता कुठल्याच अ‍ॅम्पबद्दल मत देत नाही, आणि तुम्हीही दुकानात ऐकायला गेलात तर निदान एवढं लक्षात ठेवा की जो मोठा वाजतोय तो चांगला वाटणारच.

बरं, समजा मोजलं आणि अ‍ॅम्प लागतोच असं ठरलं. आता त्या २ वॉटच्या आकड्याकडे बघू. तो आकडा जवळजवळ नेहमी ३२ ओहमला दिलेला असतो. ३२ ओहममध्ये २ वॉट म्हणजे ८ व्होल्ट, आणि तेच ८ व्होल्ट तुमच्या २५० ओहममध्ये घातले तर होतात २५६ मिलिवॉट. निदान एवढे तरी मिळतात, कारण ३२ ओहमला कित्येक अ‍ॅम्प करंटमुळे अडतात आणि जास्त ओहमला थोडे पुढेही जातात. अजून एक पाणी यात मिसळलेलं असतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बऱ्याचदा बॅलन्स्ड जॅकचा, म्हणजे डाव्या-उजव्या चॅनेलला वेगवेगळी तारांची जोडी देणाऱ्या जॅकचा, असतो, साध्या जॅकवर व्होल्टेज अर्धं आणि ताकद पाव. तुमच्या डीटी ९९० ची केबल कायमची जोडलेली आहे आणि तिला साधा तीन तारांचा प्लग आहे, त्यामुळे हेडफोन उघडून डागकाम केल्याशिवाय बॅलन्स्ड जॅक तुमच्या कामाचा नाही. तुम्ही फक्त साध्या जॅकचा आकडा बघा. पण पाव करूनही ६४ मिलिवॉट उरतात, म्हणजे ११४ डेसिबल, म्हणजे पुरून उरलं.

मग २ वॉटवाला घेतला तर बिघडलं कुठे? बिघडतं ते गेनमध्ये, आणि याबद्दल नवीन माणसाला कुणीच सांगत नाही. अ‍ॅम्पची ताकद म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो, गेन म्हणजे आत आलेला सिग्नल तो किती पटीने मोठा करतो. साधारण डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं उपकरण, २ व्होल्ट देतो. त्याला ५ पट गेन लावला तर नॉब पूर्ण फिरवल्यावर १० व्होल्ट मागितले जातात, तुम्हाला ऐकायला लागतो त्याचा बारीकसा अंश, मग नॉब कायम अगदी सुरुवातीलाच राहतो. साध्या अ‍ॅनालॉग पॉटचे, म्हणजे नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरचे, दोन्ही चॅनेल त्या सुरुवातीच्या भागात एकसारखे चालत नाहीत. माझा पहिला अ‍ॅम्प असाच होता, नॉब घड्याळातल्या ८ च्या पुढे नेताच यायचा नाही, आणि गाणाऱ्याचा आवाज सतत डावीकडे सरकलेला. मी कित्येक महिने हेडफोनचा डावा-उजवा ड्रायव्हर जुळत नाही असं समजत होतो, शेवटी गेनचे रेझिस्टर बदलले, नॉब ११-१२ पर्यंत येऊ लागला आणि गायक मधोमध आला. त्यामुळे माझा सल्ला असा की गेनचा स्विच असलेलाच अ‍ॅम्प घ्या, एक पट आणि तीन पटच्या आसपास असे दोन टप्पे असतील तर उत्तम. २ व्होल्टच्या डॅकला एक पट म्हणजे तुमच्याकडे १०८ डेसिबलपर्यंतचं अंतर, रोजचं सगळं त्यात बसतं, हळू रेकॉर्डिंगला किंवा इक्वलायझर लावल्यावर वरचा टप्पा. शिवाय उद्या इन-इअर घेतलेत तरी तोच अ‍ॅम्प खालच्या गेनला चालेल, हिस कमी येईल.

इथवर थोडक्यात परत सांगतो, कारण पुढे ट्यूबकडे वळायचंय. साध्या जॅकवर २५० किंवा ३०० ओहमला ५० मिलिवॉटच्या वर कितीही असेल तर ताकदीचा विषय मिटला, त्यानंतर बघायचं ते गेन, नॉबची बॅलन्स आणि नॉइज.

ट्यूबचं काय? ट्यूबचे ओटीएल अ‍ॅम्प, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले, जास्त ओहमच्या हेडफोनसाठीच योग्य असतात, कमी ओहमला त्यांचा दम निघतो. बॉटलहेडचा क्रॅक नावाचा किट या कामासाठी प्रसिद्ध आहे. पण यांचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स मोठा असतो, १०० ओहमच्या वरही, आणि हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा नसतो. सेनहायझर एचडी ६५० कागदावर ३०० ओहम, पण ८०-१०० हर्ट्झच्या पट्ट्यात तो ५०० च्या आसपास जातो. १२० ओहमच्या अ‍ॅम्पवर हिशोब केला तर त्या पट्ट्यातला बास बाकीच्यापेक्षा साधारण १ डेसिबल वर येतो. तो ऊबदारपणा लोक ट्यूबच्या जादूला जोडतात, त्यातला बराचसा भाग हा साधा भागाकार आहे. वाईट आहे का? अजिबात नाही, मला स्वतःला संध्याकाळी तसा आवाज आवडतो. पण पहिला अ‍ॅम्प म्हणून मी ट्यूब सुचवत नाही, कारण मग हेडफोन मुळात कसा आहे हे तुम्हाला कळणारच नाही, ट्यूब तापतात, झिजतात, आणि दुसरा हेडफोन ३२ ओहमचा घेतलात तर अ‍ॅम्पही दुसरा लागेल. आधी स्वच्छ ट्रान्झिस्टरवाला, १-२ ओहमच्या आत आउटपुट इम्पिडन्स असलेला घ्या, वर्षभर ऐका, मग हौस म्हणून ट्यूब आणा, तेव्हा तुम्हाला फरक कशाचा आहे ते नीट ऐकू येईल.

नावं हवी असतील तर शिटचा मॅग्नी, जेडीएस लॅब्जचा अ‍ॅटम, यांच्या मालिकेतले अ‍ॅम्प सुरुवातीला अगदी योग्य आहेत. स्वतः डागकाम येत असेल तर ओटू नावाचा अ‍ॅम्प बघा, २०११ मध्ये एका निनावी इंजिनिअरने त्याचा सगळा आराखडा मोजमापांसकट खुला केला, दोन ९ व्होल्टच्या बॅटरींवरही चालतो आणि तुमच्या हेडफोनला आजही पुरतो. मी शिकताना तोच जोडला होता आणि अजून कपाटात चालू स्थितीत आहे. टेबलावर जागा नसेल, मोबाईलवरही ऐकायचं असेल, तर २ व्होल्ट देणारा यूएसबी डॉंगल घ्या, डॅक आणि अ‍ॅम्प दोन्ही त्यातच आलं. १०८ डेसिबलपर्यंत जातो, इक्वलायझर फार वापरत नसाल तर तुमचं काम तिथेच होईल, आणि मी तर म्हणेन की पहिला प्रयोग याच्यावरच करा कारण पैसे सगळ्यात कमी अडकतात. फक्त डॉंगलचं खरं व्होल्टेज तपासून घ्या, सगळे २ व्होल्टचे नसतात, काही १ व्होल्टवरच थांबतात, आणि तेवढं कदाचित तुमचा लॅपटॉप आत्ताच देत असेल.

वेगळा अ‍ॅम्प घेतलात तर डॅक वेगळा लागेलच असं नाही. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून अ‍ॅम्पला सिग्नल द्या, लॅपटॉपचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि आवाज अ‍ॅम्पच्या नॉबने कमी-जास्त करा. याला "डबल अ‍ॅम्पिंग" म्हणून नाकं मुरडतात, पण जॅक स्वच्छ असेल तर ऐकून फरक कळत नाही. चार्जर लावल्यावर घरघर किंवा माऊस हलवल्यावर किरकिर ऐकू आली तर मात्र तो आवाज अ‍ॅम्प अजून मोठा करणार, तेव्हा बाहेरचा डॅक घ्यावा. चार्जर काढून बघा, घरघर गेली तर ते ग्राउंड लूपचं, म्हणजे अर्थिंगच्या तारांमधून फिरणाऱ्या करंटचं, लक्षण आहे.

दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या. अ‍ॅम्प चालू-बंद करताना हेडफोन कानावर नको, आणि लावण्याआधी नॉब शून्यावर, गेन खाली. पुढे कधी बॅलन्स्ड अ‍ॅम्प आणलात तर त्याच्या बॅलन्स्ड जॅकला अडॅप्टर लावून साधा तीन तारांचा हेडफोन कधीही जोडू नका, दोन्ही चॅनेलच्या निगेटिव्ह बाजू एकत्र शॉर्ट होतात आणि अ‍ॅम्प जळू शकतो, असे जळालेले अ‍ॅम्प माझ्याकडे दुरुस्तीला आलेत.

आणि कानांचं. लॅपटॉपवर तुम्हाला व्हॉल्यूम संपल्यामुळे आपोआप संरक्षण होतं, अ‍ॅम्प आल्यावर ते राहणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं माप असं आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, ९० ला फक्त ४ तास. डीटी ९९० सारख्या स्वच्छ, मोकळ्या हेडफोनवर ९० डेसिबल मोठे वाटतच नाहीत, फाटलेला आवाज येत नाही म्हणून हात आपसूक नॉब वाढवतो. तुमचा नेहमीचा आवाज जिथे येतो तिथे नॉबवर पेन्सिलने खूण करून ठेवा, मी माझ्या सगळ्या अ‍ॅम्पवर केलीय, महिन्याभराने हात त्या खुणेच्या किती पुढे जातोय ते लगेच दिसतं.

आता मीटर लावा आणि आकडा सांगा, सोबत लॅपटॉपचं मॉडेल आणि इक्वलायझर वापरता का तेही लिहा. १ व्होल्टच्या खाली असेल तर डॉंगल की टेबलवरचा अ‍ॅम्प ते ठरवू, आणि तोपर्यंत तो २ वॉटवाला मागवू नका.